देवरहाटीवरचं नवं सिंगल: खरे आवाज कधी, कशाने घ्यायचे आणि गाण्यात कुठे बसवायचे?

व्हाळाकाठी

चौघांचा बँड आहे: आवाज, अकूस्टिक गिटार, बासरी, कहोन (हाताने वाजवायची लाकडी पेटी). पुढचं सिंगल कोकणातल्या देवरहाटीवर, म्हणजे देवराईवर आहे. चाल पक्की झाली आहे. स्वर काळी एक, लय ८४, लांबी पावणेचार मिनिटं. गाण्यात राईतले खरे आवाज हवे आहेत, पण नुसते सुरुवातीला दहा सेकंद किलबिल आणि मग गिटार सुरू, असं नको.

डेमोत पावसाचा एक तयार लूप मुखड्याखाली लावून पाहिला, तर सगळ्या गाण्याचा चिखल झाला. शब्दच कळेनात. आवाज कमी केला तर पाऊस आहे की टेपची खरखर, ते समजत नाही. तर विचारायचं असं की कोणत्या महिन्यात काय मिळेल, पंचवीसेक हजारांत काय सामान घ्यावं, आणि मिक्समध्ये हे बसवतात कसं? झेनो-कँटो या साइटवर पक्ष्यांचे हजारो आवाज आहेत, ते सरळ वापरले तर चालेल का?

---

रातवा

महिन्याचं आधी सांगतो, कारण तो चुकला तर भारीतलं यंत्रसुद्धा उपयोगाचं नाही.

एप्रिल-मे: पहाटेची किलबिल सगळ्यात दाट. स्थानिक पक्ष्यांची वीण चालू असते. सूर्योदयाच्या पाऊण तास आधी रेकॉर्डर चालू झालेला हवा. उजाडल्यावर पोचलात तर हाती लागतील ते बुलबुल आणि वाडीतले कोंबडे. मे महिन्यात दुपारी झाडांवरचे सिकाडा किडे ओरडतात, तेव्हा बाकी काही रेकॉर्ड व्हायची आशा सोडा.

मेअखेर ते जून: वळवाचे आणि मृगाचे पहिले पाऊस. बेडकांचा हंगाम हाच. आंबोलीच्या सड्यांवरचा (कातळी पठारांवरचा) आंबोली भेक (शास्त्रीय जगाला तो २००९ साली नावानिशी कळला, आणि आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे) पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस एकत्र येऊन प्रजनन करतो. कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी असतात. तिथे रात्री बॅटरी मारत फिरणं म्हणजे अंडी तुडवणं. सड्याच्या कडेला बसून जे मिळेल तेवढं घ्या.

जुलै-ऑगस्ट: पाऊस, वारा, व्हाळ (ओढे). बारीक आवाज सगळे बुडतात. शीळकरी कस्तूर मात्र ओढ्याच्या गोंगाटातून आरपार ऐकू येतो. त्याची शीळ इतकी माणसासारखी की मिक्समध्ये ऐकणाऱ्याला वाटतं, बँडमधलाच कोणी शीळ घालतोय.

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर: वारा पडतो, रात्री स्वच्छ, रातकिडे एका सुरात. गाण्याखाली पसरायला आवाज हवा असेल तर हाच काळ. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी.

आणि धनेश. कोकणातल्या देवरहाट्यांत ककणेर हा धनेश दिसतो, कारण त्याला लागणारी ढोलीची जुनी झाडं आणि फळं दोन्ही तिथेच उरली आहेत. जानेवारीच्या सुमारास मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून चारा आणतो. त्या काळात ढोलीच्या झाडाखाली ट्रायपॉड लावायचा नाही. नर बिचकला तर आत मादी आणि पिल्लं उपाशी राहतात.

---

वायरमन

सामानाबद्दल.

हँडी रेकॉर्डरच्या तोंडावर असलेले माइक गर्दीत, मैफलीत ठीक असतात. जंगलात अडचण येते ती माइकच्या स्वतःच्या खरखरीची. शांत राईत आवाज इतका बारीक असतो की गेन (रेकॉर्डरमध्ये आवाज वाढवण्याचं प्रमाण) चढवावा लागतो, आणि मग माइकची सूंऽऽ पुढे येते. म्हणून पैसे रेकॉर्डरपेक्षा माइकवर घाला.

प्रिमो कंपनीची ईएम२७२ नावाची माइकची छोटी कॅप्सूल आहे. स्वतःची खरखर १४ डेसिबल (ए), म्हणजे तिच्या आकाराला फारच कमी. शर्टाच्या बटणाएवढी, सर्व दिशांनी ऐकणारी. रेकॉर्डरच्या साडेतीन मिमी जॅकमधून मिळणाऱ्या प्लग-इन पॉवरवर चालते, मोठ्या माइकांना लागते ती फँटम पॉवर लागत नाही. दोन कॅप्सूल, स्टीरिओ जॅक आणि प्लग-इन पॉवर देणारा साधा रेकॉर्डर एवढं तुमच्या बजेटमध्ये बसायला हरकत नाही.

लावायची पद्धत: साधारण डोक्याच्या जाडीचं, म्हणजे १७ ते २० सेंमी व्यासाचं खोड शोधा. त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला छातीच्या उंचीवर एकेक माइक, रबरी पट्ट्याने. खोड मधे आलं की दोन कानांमधे डोकं आल्यासारखा फरक पडतो, आणि हेडफोनवर राई चारी बाजूंनी उभी राहते. खिळा, स्टेपल, चिकटपट्टी काही नाही. देवरहाटीत तर नाहीच.

सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्टीरिओत तासाला १.०४ जीबी जागा जाते. नेहमीचा आवाज मीटरवर उणे २० डीबीच्या आसपास आणि शिखरं उणे १२ च्या आत राहतील असा गेन ठेवा. ऑटो गेन, लिमिटर बंद. ऑटो गेन चालू राहिला तर कस्तूर ओरडला की मागचा ओढा खाली जातो, तो थांबला की ओढा हळूहळू वर येतो. हे नंतर कुठल्याही प्लगइनने दुरुस्त होत नाही.

---

षड्ज_पंचम

हल्ली ३२ बिट फ्लोटवाले रेकॉर्डर आलेत. त्यात गेनची भानगडच नाही, तेच घ्या की.

---

वायरमन

षड्ज_पंचम, अर्धं बरोबर. फ्लोटमुळे फाइल क्लिप होत नाही, म्हणजे मोठा आवाज वरून कापला जात नाही. पण माइकची कॅप्सूल वाऱ्याने दणाणली तर ती आधीच दणाणलेली असते, आणि माइकची खरखर फ्लोट कमी करत नाही. पहिल्या पावसात विजा कडाडतात तिथे फ्लोट खरंच कामी येतो. एरवी तेवढेच पैसे वाऱ्याच्या कव्हराला द्या. नुसता स्पंज पुरत नाही, केसाळ कव्हर लागतं. तेही दोन, कारण भिजलेले केस चिकटले की कव्हराचा उपयोग संपतो.

दमट हवेचंही लक्षात ठेवा. एसी गाडीतून उतरून लगेच माइक बाहेर काढला की आत दव धरतं आणि पॉपकॉर्नसारखे फुटफुट आवाज येतात. बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या, मग उघडा. घरी डब्यात सिलिका जेल. सेनहायझरच्या एमकेएच मालिकेतले माइक दमट हवेला फारसे जुमानत नाहीत, कारण त्यांची रचनाच वेगळी आहे. पण ते आपल्या बजेटबाहेर.

---

मंद्रसप्तक

आता चिखलाबद्दल. पाऊस म्हणजे जवळजवळ सगळ्या कंपनसंख्या एकदम. तुमच्या गायिकेचे श, स, च, त हे सगळे २ ते ८ किलोहर्ट्झमध्ये राहतात, आणि पाऊस नेमका तिथेच बसतो. शिवाय स्ट्रीमिंगवर फाइल दाबली जाते तेव्हा अशा गोंगाटाला सगळ्यात जास्त डेटा लागतो. स्पॉटिफायच्या नॉर्मल दर्जाला, ९६ केबीपीएसला, पाऊस पाण्याखालून आल्यासारखा भोवरतो आणि बासरीचे तुकडे होतात. तेव्हा मिक्स झालं की ९६ ला काढून फोनवर ऐकायचंच.

पण खरा दोष मिक्सचा नाही, मांडणीचा आहे. मुखड्यात गिटार, कहोन, बासरी, आवाज सगळे असताना पावसाला जागाच कुठली? त्याला पाचवा वादक समजा. बासरीला दोन ओळींमधे जागा देता ना, तशी त्याला द्या. दोन कडव्यांच्या मधे चार आवर्तनं कहोन बंद ठेवा. लय ८४ म्हणजे एक मात्रा ७१४ मिलिसेकंद, चार मात्रांची चार आवर्तनं म्हणजे साडेअकरा सेकंद. तेवढ्यात राई पूर्ण आवाजात येऊ द्या. नंतर ती गाण्याखाली खूप खाली गेली तरी कानाला ती तिथे आहे हे माहीत असतं.

राहिलेलं तांत्रिक, झटपट:

राईच्या ट्रॅकला ८० ते १०० हर्ट्झखाली कट. घाटातले ट्रक आणि विमानं तिथेच असतात. पावसाला वरून १२ किलोहर्ट्झच्या आसपास हलका उतार द्या.

राईच्या ट्रॅकवर २ ते ४ किलोहर्ट्झला डायनॅमिक ईक्यू (गरजेपुरता तेवढाच पट्टा खाली नेणारा) लावा, आणि तो साइडचेनने गायिकेच्या ट्रॅकवर चालवा. ती गाते तेव्हा ३-४ डीबी खाली, थांबली की वर. रिलीज (परत वर यायला लागणारा वेळ) ३०० मिलिसेकंदांच्या वर ठेवा, नाहीतर रातकिडे तिच्या प्रत्येक शब्दाबरोबर उचक्या देतात.

राईचा ट्रॅक मिक्स बसच्या (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथल्या) कंप्रेसरमधून नेऊ नका. कहोनच्या प्रत्येक थापेला जंगल श्वास घेऊ लागतं. पहिल्या रेकॉर्डिंगवाल्या बँडांत हा दोष हमखास ऐकू येतो.

लूप करायचाच असेल तर ६० ते ९० सेकंदांचा. आठ सेकंदांच्या लूपमध्ये तोच पक्षी तेच बोलतो आणि तिसऱ्या फेरीला ऐकणारा हसतो. जोड (क्रॉसफेड) २ ते ४ सेकंदांचा, इक्वल पॉवर, म्हणजे जोडावरही आवाज सारखा राहणारा. सरळ रेषेचा क्रॉसफेड लावला तर जोडावर आवाज ३ डीबी बसतो.

मास्टर उणे १४ लफ्सच्या (सरासरी जोराच्या मापाच्या) आसपास, ट्रू पीक (सगळ्यात उंच शिखर) उणे १ डीबी. यापेक्षा जोरात दाबलात तर सुरुवातीची शांत राई वर खेचली जाईल, आणि इतक्या कष्टाने जपलेली शांतता जाईल.

---

ओवीबद्ध

मंद्रसप्तक यांना पूर्ण अनुमोदन. आणि पाऊस एकच नसतो हो! सागाच्या पानावर तो टपटप वाजतो, केळीवर फटफट, कौलावर वेगळा, पत्र्यावर तर बोलायलाच नको. शेतात पांघरायच्या इरल्यावरचा पाऊस ऐकलाय का कोणी मन लावून? कोरडा, बारीक, तडतडणारा. तयार लूपमध्ये यातलं काहीच नसतं, म्हणून तो टेपची खरखर वाटतो. पृष्ठभाग निवडा, पाऊस आपोआप ओळखू येईल.

---

व्हाळाकाठी

हे भलतंच कामाचं. इरल्याचा आवाज कहोनच्या जागी वापरता येईल का? आणि पावसात माइक भिजू न देता पाऊस घ्यायचा कसा? छत्री धरली तर छत्रीच वाजते.

---

वायरमन

छत्री, प्लास्टिक, ताडपत्री सगळं वाजतं. काथ्या वाजत नाही. गाद्यांच्या दुकानात रबर लावलेल्या काथ्याचे तुकडे मिळतात, दोन-तीन सेंमी जाडीचा घ्या. माइकच्या वर दहा-बारा सेंमी अंतर ठेवून चार काड्यांवर तिरपा बसवा. थेंब धाग्यांत फुटून झिरपतो, टक् होत नाही. तिरपा अशासाठी की पाणी मागच्या बाजूने ओघळावं. मुसळधारेत दहा-पंधरा मिनिटांत तो चिंब होतो आणि गळायला लागतो, तेव्हा दुसरा तुकडा बरोबर असू द्या.

इरल्यासाठी मात्र हवेतला माइक नकोच, काँटॅक्ट माइक (वस्तूला चिकटून तिची कंपनं घेणारा) करा. खर्च नगण्य:

२७ मिमी व्यासाची पिएझो चकती घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बझरची म्हणून मिळते. शील्ड असलेल्या केबलची जाळी पितळी कडेला, आतली तार मधल्या पांढऱ्या भागाला. पांढऱ्या भागावर सोल्डरिंगची टोकणी दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवली तर वरचा चांदीचा थर सुटून येतो आणि चकती बाद. आधी तारेवर कथील चढवून घ्या, मग नुसतं टेकवायचं. दोन्ही बाजूंना नेलपॉलिशचे दोन हात, म्हणजे पाणी लागणार नाही. इरल्याच्या आतल्या कामटीवर छोट्या क्लॅम्पने घट्ट दाबून बसवा. सैल राहिली तर नुसती खडखड.

इथे बहुतेकजण फसतात ते जोडणीत. चकतीची कपॅसिटन्स २० नॅनोफॅरडच्या आसपास असते. १० किलोओहमच्या लाइन इनपुटला जोडली की साधारण ८०० हर्ट्झखालचं सगळं गळतं आणि आवाज डब्यातला, किरटा येतो. लोक म्हणतात पिएझो वाईट. पिएझो बिचारी बरी असते, इनपुट चुकीचं असतं. १ मेगाओहमला जोडली तर तीच सीमा ८ हर्ट्झवर येते. तुमच्या इंटरफेसवरचं गिटारचं इनपुट साधारण तेवढंच असतं. म्हणजे इरलं अंगणात टांगा, केबल खिडकीतून आत, आणि रेकॉर्डिंग घरी. राईत जायची गरज नाही.

---

ठोंब्या

अख्खं गाणं ४३२ हर्ट्झला ट्यून करा ना. निसर्गाची फ्रिक्वेन्सी तीच आहे म्हणतात.

---

षड्ज_पंचम

कोण म्हणतं, बेडूक? ४४० वरून ४३२ म्हणजे ३२ सेंट खाली (शेजारच्या पट्टीपर्यंत शंभर सेंट), बाकी काही नाही. राईतल्या कोणत्याही प्राण्याने ट्यूनर पाहिलेला नाही.

खरा प्रश्न मात्र सुराचाच आहे. रातकिड्याचा सूर जवळपास शुद्ध असतो, त्यामुळे तो तंबोऱ्यासारखा ऐकू येतो आणि बेसूर असेल तर खटकतो. स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या कंपनसंख्येला किती आवाज ते दाखवणाऱ्या आलेखात) त्याचं टोक पाहा. तुमचा सा काळी एक. वरच्या सप्तकांत चढत गेलं की काळी एक ४४३५ हर्ट्झवर येते, आणि बरेच रातकिडे ४ ते ५ किलोहर्ट्झच्या घरात गातात. समजा टोक ४३०० ला आलं, तर फरक ५४ सेंट, म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांच्या अगदी मधे, सगळ्यात वाईट जागी. तेवढा ट्रॅक वर सरकवला तर कोणाला कळणार नाही. दोनशे सेंटच्या पुढे सरकवलात तर आवाज खेळण्यातला होतो. गिटार-बासरी अजून रेकॉर्ड व्हायची असेल तर किड्याला हात न लावता गिटारच लावून घ्या. बासरीवाला कुरकुरेल, त्याला दुसरी बासरी शोधावी लागेल.

लयीचंही तसंच. झुडपी बेडकाची टिकटिक ०.६८ सेकंदांनी येत असेल तर ती लय ८८ आहे. बेडकाला ८४ च्या जाळीत ठोकून बसवण्यापेक्षा गाणं ८८ ला घ्या. त्याची थोडी मागेपुढे होणारी मात्रा तशीच राहू द्या.

---

कागदोपत्री

झेनो-कँटोचं उत्तर राहिलंय. पक्ष्याच्या आवाजावर कोणाचा हक्क नाही, पण रेकॉर्डिंगवर आहे. तिथल्या प्रत्येक फाइलवर तिचा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना लिहिलेला असतो आणि बहुतेकांवर 'अव्यावसायिक' अशी अट असते. स्पॉटिफायवर आलेलं सिंगल म्हणजे व्यावसायिक वापर, चार रुपये मिळोत की शून्य. काहींवर 'बदल करू नये' हीसुद्धा अट असते, म्हणजे मिक्समध्ये टाकणंच बाद. रेकॉर्ड करणाऱ्याला लिहून लेखी परवानगी घ्या. ओळख पटवण्यासाठी साइट उत्तम आहे, तेवढ्यासाठी वापरा.

तयार पॅकमधला पाऊस वापरला असेल तर वितरकाच्या (गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या कंपनीच्या) फॉर्मवर यूट्यूब कंटेंट आयडी, म्हणजे तुमचा आवाज इतरांच्या व्हिडिओंत आपोआप शोधणारी सोय, चालू करू नका. तोच लूप आणखी शेकडो जणांकडे असतो. तुमच्या नावाने त्यांच्या व्हिडिओंवर दावे जातात, आणि मग तुमचाच दावा रद्द होतो. स्वतः घेतलेल्या आवाजाचा हा मोठा फायदा.

रेकॉर्डिंग कोणाच्या नावावर, हे चौघांनी आधीच एका कागदावर लिहून सही करा. शब्द आणि चाल आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे) नोंदवा. त्याचा आयएसआरसीशी संबंध नाही. तो बारा अक्षर-अंकांचा क्रमांक रेकॉर्डिंगचा असतो आणि वितरकही देतो.

एप्रिल २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांशी जोडलेल्या 'यूएन लाइव्ह' या संग्रहालयाने स्पॉटिफायसारख्या ठिकाणी 'नेचर' नावाचा कलाकारच उभा केला. निसर्गाचे आवाज घेतलेल्या गाण्यांवर तो सहकलाकार म्हणून येतो आणि रॉयल्टीचा वाटा संवर्धनाकडे जातो. तुम्हाला इतक्या लांब जायचं नसेल तर गावच्या देवस्थानाला वाटा ठरवून द्या, पण तोही लेखी.

---

रातवा

जागेच्या परवानगीचं राहिलं. अभयारण्यात असाल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २८ खाली परवानगी लागते. राखीव वनातही रात्री परस्पर घुसायचं नाही, आधी रेंजरला भेटा. ड्रोनचा तर विचारही नको. पक्ष्याचं रेकॉर्डिंग वाजवून त्याच पक्ष्याला बोलावायचं नाही, विणीच्या हंगामात तर अजिबात नाही. तो आपली हद्द राखायला येतो, गाण्यात भाग घ्यायला नव्हे.

देवरहाटी बऱ्याचदा सरकारी कागदावर एक आणि गावाच्या मनात दुसरीच असते. गुरवाला आणि मानकऱ्यांना विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. काही ठिकाणी ठरावीक दिवशी आत जात नाहीत, काही ठिकाणी बायकांना मनाई असते. तुमची गायिका बरोबर येणार असेल तर हे आधीच कळलेलं बरं.

---

ओवीबद्ध

शब्द अजून टाकले नाहीत तुम्ही, तरी आगाऊ सांगते. हिरवा शालू, धरणीमाय, निसर्गराजा यांना या गाण्यापुरती रजा द्या. 'झाडे लावा'सुद्धा नको, देवराई कोणी लावलेली नसते. तिथे नियम उलटा आहे: वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांच्या नोंदी केल्या, त्यांत हा नियम वारंवार भेटतो. आणि आज राई कमी होते तीही बहुतेकदा देवाच्याच नावाने. जीर्णोद्धार निघतो, कौलारू घुमटी पाडून सिमेंटचं देऊळ उभं राहतं, त्याच्या खर्चासाठी आणि रस्त्यासाठी आतला बेहडा, आंबा, सातवीण तुटते. गाण्याला विषय हवा तर हा आहे. शत्रू बाहेरचा नाही म्हटल्यावर चालही जरा अवघडेल, अवघडू द्या. गारंबीचा वेल, सुरंगी, कातळ, सडा, कोंड हे शब्द तुमच्याकडे आयते आहेत, आणि गायला किती सोपे!

---

व्हाळाकाठी

सगळ्यांचे आभार. आता असं ठरतंय: ऑक्टोबरच्या शेवटी दोन रात्री राईत, खोडावर दोन माइक, ४८/२४. इरलं येत्या पावसात घरी, पिएझोवर. मुखड्याखाली काही नाही, दुसऱ्या कडव्यानंतर चार आवर्तनं मोकळी. गिटार रातकिड्याला लावणार, बासरीवाल्याला अजून सांगितलेलं नाही. माइक लावल्यावर आम्ही चौघं तिथेच गप्प बसलो तर चालेल ना?

---

वायरमन

नाही चालणार. चौघांचे कपडे, पोटं आणि डास मारल्याचे आवाज सगळे येतात. रेकॉर्डर सुरू केला की तारीख, वेळ, जागा, गेन तोंडाने बोला आणि तीस-चाळीस मीटर लांब जा. फोन एअरप्लेन मोडवर. पहिली दहा मिनिटं टाकाऊ समजा, राई तुम्हाला विसरायला तेवढा वेळ घेते. मग निदान वीस मिनिटं हात लावू नका. रिचार्जेबल सेल असतील तर मेनूमध्ये सेलचा प्रकार तसा निवडा, नाहीतर १.२ व्होल्ट पाहून रेकॉर्डर बॅटरी संपली समजतो आणि मध्यरात्री बंद पडतो.

---

रातवा

आणि पुष्कळ देवरहाट्यांत चपला बाहेर काढतात. अनवाणी पायांचा आवाज कमी येतो हे खरं, पण ऑक्टोबरातही ओलीच्या जागी जळवा असतात, आणि पाचोळ्यात फुरसं बसलेलं दिसत नाही. गुरवाला विचारून रबरी सोलचे कापडी मोजे चालतात का बघा, आणि चालताना बॅटरी पायाशी.